चुना जमिनीला लावा

बैलाला ताप आला, त्यानें चारा सोडला, म्हणजे शहाणा शेतकरी त्याच्यापुढें पेंडीची पाटी वाढवीत नाहीं. तो आधीं त्याचें तोंड उघडून पाहतो, कान गरम लागतात कीं गार तें पाहतो, आणि औषध करतो. ताप उतरला, मग पेंड. एवढी अक्कल आमच्या प्रत्येक कुणब्याला आहे, आणि ती त्याला कोणीं शाळेंत शिकविलेली नाहीं. पण तोच शेतकरी आपल्या जमिनीशीं मात्र उलटा वागतो. पीक पिवळें पडलें कीं युरियाचें पोतें. दाणा भरला नाहीं कीं आणखी एक पोतें. तरीहि उतार आला नाहीं, तर सोसायटीचें कर्ज काढून तिसरें पोतें. जमिनीचें तोंड उघडून पाहावें, तिला कसला ताप आहे तें विचारावें, हें कोणाला सुचत नाहीं. मग कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी बांधावरच्या देवाला नारळ फोडतो. देव नारळ घेऊन गप्प बसतो, कारण दुखणें त्याच्या खात्यांतलें नाहीं. तें मातीचें आहे.

हें दुखणें म्हणजे जमिनीचा आंबटपणा. कोंकण आणि गोव्याची तांबडी, जांभ्याची जमीन, आणि घाटमाथ्याच्या अंगाचा चंदगड, आजरा, राधानगरी, गगनबावडा, महाबळेश्वर असा भरपूर पावसाचा पट्टा, हें त्याचें घर. सगळ्या देशांत मिळून सुमारें ४ कोटि ९० लाख हेक्टर जमीन आंबट कलाची गणली जाते, आणि तींतली निम्म्याहून अधिक चांगलीच आंबट आहे. म्हणजे हें एकट्यादुकट्याचें गाऱ्हाणें नव्हे.

देशावरच्या काळ्या जमिनीच्या धन्यांनीं मात्र एक गोष्ट पहिल्यानेंच ध्यानांत घ्यावी. तुमच्या रानांत चुनखडीचे खडे आधींच पडलेले आहेत. तुमची जमीन बिघडते ती बहुधा खारानें आणि चोपणानें. चोपणाला जिप्सम आणि पाण्याचा निचरा हें औषध, चुना नव्हे. शेजारच्या जिल्ह्यांत चुन्यानें पीक आलें असें ऐकून तुम्ही काळ्या रानांत चुना ओतलात, तर पैसा जाईल आणि पीकहि पिवळें पडेल. वाटीभर मातीवर कडक व्हिनेगराचे चार थेंब टाकून पाहा. माती फसफसली तर तींत चुना आहे, तिला आणखी नको. फसफसली नाहीं म्हणजे ती आंबटच असें मात्र समजूं नका. तें तपासणीनेंच कळतें. एकाचें औषध दुसऱ्याला विष होतें, हें माणसाला जसें लागू तसेंच मातीला.

आतां जमीन आंबट होते कशी? कोंकणांत वर्षाला १०० ते १४० इंच पाऊस पडतो. हें पाणी मातींतून खालीं मुरतांना तींतला चुना आणि मॅग्नेशियम विरघळवून घेऊन जातें. हजारों वर्षें हें धुणें चाललें आहे. विरघळणारें सत्त्व गेलें आणि न विरघळणारें लोखंड व ॲल्युमिनियम तेवढें मागें राहिलें. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या लोखंडाचाच गंज. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकांत, डोंगरावरून वाहून जाणारें सत्त्व शेतांत मुरावें म्हणून ताली-बंधारे घालण्याची मागणी सरकारापुढें मांडली होती. ती आजहि खरी आहे. पण तालीनें माती अडते. पाण्यांत विरघळून गेलेला चुना तालीनें अडत नाहीं. तो परत आणून घालावा लागतो.

आंबटपणा मोजण्याचें एक माप आहे, त्याला सामू म्हणतात. सामू ७ म्हणजे जमीन ना आंबट ना खारी. त्याच्या खालीं आंबट, वर खारी. हें माप सरळ पायऱ्यांचें नाहीं. सामू ६ ची माती ७ च्या मातीपेक्षां दहापट आंबट, आणि ५ ची माती शंभरपट. म्हणून "साडेपांच आणि साडेसहांत काय एवढा फरक?" असें म्हणणारानें एकाच्या जागीं दहा रुपये मोजून पाहावेत.

सामू साडेपांचाच्या खालीं गेला कीं मातींतलें ॲल्युमिनियम विरघळूं लागतें. ज्या धातूचीं पातेलीं आपल्या चुलीवर असतात, तोच हा धातु. विरघळलेल्या रूपांत तो मुळांच्या कोवळ्या शेंड्यांना जाळतो. मुळें आंखूड, जाड, थोटीं होतात. तीं खोल जात नाहींत, म्हणून खालीं ओल असूनहि पावसानें आठ दिवस ओढ दिली कीं पीक माना टाकतें. दुसरें, सुपर फॉस्फेट म्हणून जें स्फुरद आपण विकत आणून घालतों, त्याला हें लोखंड-ॲल्युमिनियम मिठी मारून बसतें, आणि पिकाच्या मुखीं फार थोडें लागतें. तिसरें, तूर, मूग, चवळी, भुईमूग यांच्या मुळांवर ज्या गांठी येतात आणि हवेंतलें नत्र फुकट मिळवून देतात, त्या गांठींचे जंतु आंबट मातींत नीट नांदत नाहींत. म्हणजे जें विकत घेतलें तें अडकून पडलें, आणि जें फुकट मिळणार होतें तें मिळालें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "आमचे आजे-पणजे याच जमिनींत पिकवीत होते, त्यांनीं कुठें चुना घातला?" प्रश्न रास्त आहे. आजे-पणजे राब भाजीत होते. टहाळ, पाला, शेण, गवत रोपवाटिकेच्या जागीं पसरून जाळीत, आणि ती राख मातींत मिसळत. लाकडाची राख आंबटपणा मारते. राब भाजल्यानें तण आणि किडीहि मरत, पण राखेचें काम त्यांत होतेंच. चुलींतली राख परसांत आणि वाफ्यांत जाई, गोठ्यांतलें शेणखत शेतांत जाई, आणि पीकहि बेताचेंच निघे. म्हणून जमिनींतून बाहेर जाणारें सत्त्वहि बेताचें होतें. आज चुलीच्या जागीं गॅस आला, गोठे रिकामे झाले, पिकें वाढलीं आणि खताचीं पोतीं आलीं. जुनें औषध गेलें, नवें कोणीं सांगितलें नाहीं, आणि दुखणें मात्र वाढलें.

वाढलें तें कशानें? या गोष्टीचा उच्चार खताच्या दुकानांत सहसा होत नाहीं. युरिया आणि अमोनियम सल्फेट हीं खतें स्वतःच जमीन आंबट करतात. त्यांतल्या अमोनियाचें मातींतले जंतु नत्राच्या दुसऱ्या रूपांत रूपांतर करतात, आणि तें होतांना आम्ल सुटतें. १०० किलो अमोनियम सल्फेटानें जो आंबटपणा येतो तो मारण्यास सुमारें ११० किलो चुनखडीची पूड लागते. युरियाला थोडी कमी, पण ८० किलोंच्या आसपास लागतेच. आतां हिशेब करा. ज्यानें दहा वर्षें पोत्यांमागून पोतीं टाकलीं आणि चुन्याची एक पाटीहि टाकली नाहीं, त्यानें आपल्या जमिनीच्या नांवावर केवढें कर्ज चढविलें! सोसायटीचें कर्ज निदान वहींत दिसतें. हें दिसत नाहीं एवढाच फरक.

ही आमच्या मनची गोष्ट नाहीं. हिमाचल प्रदेशांत पालमपूर येथें १९७२ पासून मका आणि गव्हाचा एक प्रयोग त्याच त्या जमिनींत चालला आहे. ज्या तुकड्याला नुसतें नत्र दिलें, तेथील पीक उतरत उतरत शेवटीं शून्यावर आलें. स्फुरद-पालाश मिळालें नाहीं हेंहि एक कारण होतें. पण जेथें सर्व खतांबरोबर चुना दिला, किंवा सर्व खतांबरोबर शेणखत दिलें, तेथें पीक टिकून राहिलें. झारखंडांत रांचीच्या तांबड्या जमिनींत असाच दीर्घ प्रयोग झाला, आणि त्यानेंहि हीच साक्ष दिली.

त्याच्याहि आधींची एक साक्ष विलायतेची आहे. इंग्लंडांत वोबर्न येथें १८७६ सालीं एक प्रयोगशेती निघाली. तेथील हलक्या जमिनींत गहूं आणि बार्ली यांना वर्षानुवर्षें अमोनियाचीं खतें दिलीं. वीस-बावीस वर्षांत जमीन इतकी आंबली कीं बार्ली उगवेनाशी झाली. मग १८९७ सालीं कांहीं भागाला चुना दिला, आणि त्या भागांत पीक पुन्हां उभें राहिलें. हा प्रयोग पाहणारे डॉक्टर व्होल्कर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले होते. येथील शेती पाहून त्यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत लिहिलें कीं हिंदी रयत अडाणी आहे ही समजूत चुकीची. चांगला हिंदी शेतकरी इंग्लंडच्या सामान्य शेतकऱ्याहून कमी नाहीं, कांहीं बाबतींत वरचढच आहे. त्याला साधनें मात्र नाहींत. या गोष्टीला सवाशें वर्षें उलटून गेलीं. आंबट जमिनीपुरतें पाहिलें तर साधन आजहि त्याच्या हातीं नाहीं. युरियाचें ४५ किलोंचें पोतें सरकारी सवलतीनें २६६ रुपये ५० पैशांस गांवोगांव मिळतें. चुना मागावयास गेलात तर दुकानदार तुम्हांला घर रंगवावयाचें आहे काय असें विचारतो.

आतां भातकऱ्याची शंका घेऊं. तो म्हणेल, "माझें भात तर बरें येतें. मला चुना कशाला?" त्याचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. खाचरांत पाणी भरून राहिलें कीं कांहीं आठवड्यांत मातीचा आंबटपणा आपोआप कमी होतो. भातहि मूळचेंच सोशिक. त्यामुळें पावसाळ्यांत दुखणें झांकून राहतें. खरी परीक्षा पाणी आटल्यावर. त्याच खाचरांत दिवाळीनंतर भुईमूग, वाल, चवळी, मिरची, कलिंगड लावूं गेलें कीं जमीन आपला मूळ गुण दाखविते. भुईमुगाची शेंग मातींत पोसते आणि लागणारा चुना झाडाकडून न घेतां आपल्या टरफलांतून थेट मातींतून घेते. मातींत चुना नसेल तर वेल हिरवागार दिसतो आणि उपटून पाहावें तर शेंगा पोकळ. अशी पोकळ शेंग फोडून बी वाईट निघालें म्हणून बियाणेंवाल्याला शिव्या देणारे पुष्कळ आहेत. बियाणेंवाला प्रत्येक वेळीं निर्दोष असतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याच्या दारीं जाण्यापूर्वीं माती तपासावी. कोंकणाच्या शेतकऱ्याला भातानंतर हातांत रोख पैसा येईल तो या दुसऱ्या पिकानें, आणि तेंच पीक आंबट माती मारते. तरुण मुलगा मुंबईची वाट धरतो याला कारणें अनेक आहेत. पण भातानंतर आठ महिने रान ओसाड पडतें हें त्यांतलें एक आहे.

तर मग करावें काय? प्रथम तपासणी. वैशाखांत रान मोकळें असतें तेव्हां एका सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांत नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडा. बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा आणि गुरें बसतात ती जागा वगळा. प्रत्येक जागीं वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल तिरपा खड्डा घ्या, आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडा. सगळी एकत्र मिसळून त्यांतली अर्धा किलो सावलींत वाळवा आणि स्वच्छ कापडी पिशवींत भरा. खताच्या पोत्यांत भरूं नका, नाहीं तर तपासणी पोत्याची होईल. केंद्र सरकारानें २०१५ सालीं मृद आरोग्य पत्रिकेची योजना काढली. त्या पत्रिकेवर सामू लिहिलेला असतो. कित्येकांच्या घरीं ती पत्रिका देवळीवर पडलेली असेल; ती खालीं काढा आणि शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या. सामू साडेपांचाच्या खालीं असेल तर चुन्याचा विचार करा. पण नुसत्या सामूवरून किती चुना घालावा हें ठरत नाहीं. चिकण मातीला अधिक लागतो, रेताड मातीला कमी. म्हणून तपासणाराला "चुन्याची गरज किती?" असें स्पष्ट विचारा, आणि उत्तर आंकड्यांत मागा.

चुना तीन रूपांत मिळतो. चुनखडी दळून केलेली पूड, भट्टींत भाजलेला कळीचा चुना, आणि कळीवर पाणी घालून फोडलेला चुना. शुद्ध चुनखडीची १०० किलो पूड जें काम करते, तें कळीचा चुना ५६ किलोंत आणि फोडलेला ७४ किलोंत करतो. भाव विचारतांना हा हिशेब मनांत ठेवा. नाहीं तर स्वस्त दिसणारें पोतें महाग पडेल. पूड पिठासारखी बारीक हवी. जाड खडी वर्षानुवर्षें तशीच पडून राहते. जिप्सम हा चुन्याचाच भाऊ म्हणून कोणी विकूं लागला तर सांगा कीं तें चोपणाचें औषध आहे, त्यानें सामू वर चढत नाहीं.

पुरा चुना घालण्याची ऐपत असेल तर पेरणीपूर्वीं दोन ते चार आठवडे तो सारखा उधळून वीतभर मातींत मिसळावा. त्याचा गुण तीन ते पांच वर्षें टिकतो. ऐपत नसेल त्यानें हात जोडून बसूं नये. आंबट जमिनीवर काम करणाऱ्या कृषिशास्त्रज्ञांनीं गरिबाला परवडेल अशी एक रीत काढली आहे. पुऱ्या गरजेचा सुमारें दहावा हिस्सा, म्हणजे हेक्टरीं २ ते ४ क्विंटल, एकरीं सुमारें ८० ते १६० किलो, पेरणीच्या वेळीं नुसता सरींत घालावा. मुळाभोवतीची माती तेवढी सुधारते, आणि कोवळें मूळ तग धरतें. दर हंगामाला हें करावें लागतें, पण खिशाला सोसतें.

आतां पथ्य. ताजें शेणखत, युरिया किंवा अमोनियाचें कोणतेंहि खत चुन्यांत कालवूं नका; नत्र वायु होऊन उडून जाईल. सुपर फॉस्फेटहि त्यांत मिसळूं नका. आधीं चुना, मग कांहीं दिवसांनीं खत. चुना म्हणजे खत नव्हे. तो घातला कीं मातींतलें सेंद्रिय सत्त्व लौकर कुजतें आणि पीक जोमानें उचलतें. म्हणून चुन्यामागून शेणखत किंवा हिरवळीचें खत दिलेंच पाहिजे, नाहीं तर दोन वर्षें पीक आणि पुढें उपास. सामू साडेसहाच्या वर नेण्याचा हव्यासहि नको. विड्याला चुना बोटभर जास्त लागला तर तोंड भाजतें, जमिनीचेंहि तसेंच. जस्त, लोखंड, बोरॉन अडकून पीक पुन्हां पिवळें पडतें. काजू, अननस आणि नाचणी हीं आंबट माती पुष्कळ सोसतात, त्यांच्यासाठीं घाई नको. आणि ज्या मजूर बायाबापड्या चुना उधळतात त्यांच्या हातांना व डोळ्यांना जपा. कळीचा चुना ओल्या हाताला लागला तर भाजतो, डोळ्यांत गेला तर दृष्टि जाते. वारा पडलेल्या वेळीं, पाठीकडून वारा घेऊन, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकें बांधून हें काम करावें. आपल्या पिकासाठीं दुसऱ्याचा डोळा गेला तर त्या पिकाला आम्ही सुधारणा म्हणणार नाहीं.

येथवर डोंगरउतारावरच्या जमिनीचें झालें. खाडीकांठच्या जमिनीचें दुखणें याहून निराळें असतें, आणि तेथें पाणीच औषध होतें. जेथें पूर्वीं खारफुटीची दलदल होती, त्या चिखलांत गंधक आणि लोखंड यांचा संयोग दडलेला असतो. पाण्याखालीं तो निजलेला राहतो. चिखल वाळला, हवा लागली, कीं त्याचें गंधकाम्ल होतें. केरळांतल्या कुट्टनाडचे शेतकरी हें पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले. समुद्रसपाटीच्या खालीं दोन फुटांपासून सात फुटांपर्यंत असलेल्या जमिनींत ते बांध घालून भात पिकवितात, आणि या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१३ सालीं जागतिक वारसा म्हणून मान दिला. तेथील काळ्या 'करी' मातीचा सामू कांहीं ठिकाणीं तीन-चारापर्यंत उतरतो. अशा मातीला नुसता चुना पुरत नाहीं. ते शेतांत पाणी घेतात, आम्ल त्यांत उतरूं देतात, आणि तें पाणी बाहेर उपसून टाकून पुन्हां गोडें पाणी घेतात. बरोबर चुना देतात. केरळच्या कृषिविद्यापीठाची भाताला शिफारस हेक्टरीं ६०० किलो चुन्याची आहे; ३५० किलो पहिल्या नांगरटीला आणि २५० किलो लावणीनंतर सुमारें महिन्यानें. चुन्यासाठीं तेथें कृषिभवनांतून सरकारी साह्यहि मिळतें.

गोव्याच्या खाजन जमिनी याच जातीच्या, आंबट आणि खाऱ्या दोन्ही. आमच्या रायगड, ठाणे, रत्नागिरीच्या खार जमिनींत मुख्य शत्रु मीठ, पण औषधाची रीत तीच. बांध धड ठेवावा, उघाडीची दारें भरतीला बंद आणि ओहोटीला उघडीं राहावींत, आणि मृगाचा पाऊस आला कीं पहिलें पाणी खाचरांत कोंडून, ढवळून, मीठ घेऊन बाहेर सोडावें. असें दोन-तीनदां करून मग लावणी. चिखल उन्हाळ्यांत खोल नांगरून फार वाळवूं नये. या सगळ्यांत एकट्याचें चालत नाहीं. एकाच्या हद्दींत बांध फुटला तर भरती सगळ्यांच्या शेतांत शिरते. चुना एकट्यानें घालतां येतो, पण पाण्यानें धुणें हें गांवकीचें काम आहे. जेथें गांवकी मोडली, तेथें बांध मोडला.

आतां आमच्या मतें जें सर्वांत मोठें विघ्न, त्याविषयीं बोलूं. चुन्याचा गुण तीन ते पांच वर्षें टिकतो. जमीन कसणाराच्या हातीं ती किती वर्षें असते? कोंकणांत एके काळीं खोताच्या मर्जीवर कूळ उभें होतें. त्या खोतीविरुद्ध १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनीं वर्षानुवर्षें संप चालविला, १९३७ सालीं डॉक्टर आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत खोती मोडण्याचें बिल आणलें, आणि १९४९ सालीं ती कायद्यानें मोडली. कुळकायदाहि झाला. पण आज मुंबई-पुण्याला राहणारा धनी गांवच्या गरिबाला जमीन तोंडी बोलीवर एका वर्षापुरती देतो. कागद केला तर कूळ लागेल अशी त्याला भीति. कसणारा म्हणतो, पुढच्या वर्षीं जमीन माझ्याकडे राहील याचा भरंवसा काय? मी चुना घालावा आणि फळ दुसऱ्यानें खावें? त्याचें काय चुकलें? तो युरियाच घालणार, कारण युरियाचें फळ चार महिन्यांत पदरीं पडतें. आज घालून पांच वर्षें फळ खाण्याचा व्यवहार एका वर्षाच्या बोलींत बसत नाहीं. म्हणजे जमीन आंबण्याला पाऊस आणि पोतें यांबरोबर ही बोलीहि कारण आहे. यावर आमची सूचना अशी: चुन्याचा पैसा धन्यानें द्यावा, घालण्याची मेहनत कसणारानें करावी, आणि चुना घातलेली जमीन पांच हंगाम त्याच्याकडेच राहील असा शब्द सोसायटीच्या चार पंचांदेखत द्यावा. जमीन सुधारली तर धन्याचीच सुधारली. मग खर्चाला मागें सरण्याचें त्याला कारण काय?

दुसरें मागणें सोसायट्यांकडे. ज्या गोदामांत युरियाचीं शेंकडों पोतीं मावतात, तेथें चुन्याचीं पन्नास पोतीं ठेवावयास जागा नाहीं काय? आंबट पट्ट्यांतील प्रत्येक सोसायटीनें ज्येष्ठाआधीं तपासलेला, बारीक, वजनांत पुरा चुना ठेवावा आणि पीककर्जांत त्याची रक्कम धरावी. सरकार युरियावर जी सवलत देतें तिचा अल्पसा वाटा या भागांत चुन्याकडे वळवावा. चुना घातल्यानें स्फुरदाचें खत अंगीं लागेल, डाळींच्या गांठी नत्र देतील, आणि सरकारचेंहि पोत्यांमागचें ओझें हलकें होईल.

तिसरें मागणें आमच्या कारागीर बांधवांसाठीं. चुना भाजणें हा लोणाऱ्यांचा पिढीजात धंदा. त्यांच्या भट्टीच्या चुन्यावर वाडे, किल्ले, विहिरी उभ्या राहिल्या. कोंकणकिनाऱ्यावर शिंपल्यांचा चुना भाजला जाई. सिमेंट आलें, भट्ट्या थंडावल्या, चुन्याच्या घाणीचे दगड गांवाबाहेर पडून राहिले, आणि भट्टीवाल्याचा मुलगा सिमेंटच्याच गोण्या वाहूं लागला. शेतकऱ्यानें चुना मागितला तर हा धंदा नव्या रूपांत उभा राहूं शकतो. जळण जाळून भाजण्याचेंहि कारण नाहीं. चुनखडी आणि शिंपल्यांची बारीक पूड दळण्याची चक्की चार घरांनीं मिळून घातली तरी पुरे. पैसा कारखान्याला जाण्याऐवजीं शेजारच्या आळींत राहील. कुणब्याचें शेत आणि लोणाऱ्याची भट्टी यांची सोयरीक जुनी आहे, ती पुन्हां जुळावी.

बंधूंनो, आजवर शेतकऱ्याला चुना लावणारे पुष्कळ भेटले. सावकारानें लावला, दलालानें लावला, पुढाऱ्यानें लावला, आणि आपण तो निमूटपणें लावून घेतला. आतां तो स्वतःच्या हातानें आपल्या जमिनीला लावा. सगळें रान एकदम नको. एका कोपऱ्यांत चार गुंठे घ्या. दोन गुंठ्यांना चुना द्या, दोन तसेच ठेवा, बाकी खत-बियाणें सारखें द्या. भुईमूग लावा आणि उपटतांना दोन्हीकडच्या शेंगा निरनिराळ्या पाट्यांत भरून तोला. तोलतांना शेजाऱ्याला आणि त्याच्या बायकोलाहि बोलवा. व्याख्यान ऐकून ज्याची खात्री पटत नाहीं, त्याची तराजूनें पटते. आणि तराजूनें नाहीं असें सांगितलें, तर आमचें म्हणणें सोडून तराजूचें ऐका. मात्र तपासणी केल्यावांचून पुढचें पोतें उचलूं नका.